चौथ्या प्रश्नाचं उत्तर

मंगळवार, ६ फेब्रुवारी

चिरंजीव खारू,

अनेक आशीर्वाद. मी बरी आहे. गुडघा सोडला तर तक्रार नाही, आणि गुडघ्याची तक्रार आता मीसुद्धा मनावर घेत नाही. जावईबापूंना आणि तुझ्या सासूबाईंना नमस्कार सांग.

तुझा कागद शनिवारी मिळाला. त्याला पत्र म्हणत नाही, कारण वर ‘आई’ नाही आणि खाली तुझं नाव नाही. मधे आकडे घालून सात प्रश्न, आणि शेवटी एक ओळ, की एकतिसावा आठवडा चालू आहे. चार वर्षांत तुझ्या हातचं हे तिसरं काही आलं. मी ते दवाखान्यातल्या बाकावर बसूनच वाचलं. शेजारी एक बाई पोराला टोचून आणून बसली होती. ती म्हणाली, “मावशी, सुई आमच्या पोराला दिली का तुम्हाला?” एवढं माझं तोंड झालं होतं.

फोनवर तू दोन मिनिटांत ठेवतेस म्हणून लिहिते. मंगळवारी आमच्याकडे टोचणी नसते, खोली धुवायची असते. ती धुऊन झाली. बर्फाच्या पेट्या उन्हात पालथ्या घातल्यात आणि मी सिस्टरांच्या टेबलाशी बसले आहे. समोर त्यांचं पुस्तक उघडं आहे. चौथी शिकलेली बाई काहीतरी ठोकून देते असं तुला वाटायला नको, म्हणून जिथे पुस्तकातलं आहे तिथे तसं सांगते, आणि जिथे माझं पाहिलेलं आहे तिथे तसं.

पोटात बाळ असताना डांग्या खोकल्याची सुई घेतली तर बाळाला काही होईल का, हे तू पहिलं विचारलंस. होत नाही. उलट ती बाळासाठीच असते. सुई तुझ्या दंडात जाते, पंधरा दिवसांत तुझ्या रक्तात त्या खोकल्याशी लढायची ताकद तयार होते आणि नाळेतून ती बाळाकडे जाते. बाळाची स्वतःची पहिली सुई सहा आठवडे पूर्ण झाल्यावर. तोपर्यंत त्याच्याकडे तू दिलेली शिदोरी असेल तेवढीच. सत्ताविसाव्यापासून छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत घ्यावी असं पुस्तक म्हणतं. म्हणजे तुझ्या हातात पाच आठवडे आहेत. त्यानंतरही देतात, पण मग ताकद बाळापर्यंत पोचायला वेळ पुरत नाही. आणि प्रत्येक बाळंतपणात नव्याने घ्यावी लागते.

पहिल्या वेळी तुला ही कोणी दिली नव्हती. तुझ्या तिथल्या दवाखान्यात तेव्हा फक्त धनुर्वाताची देत. तू विचारलं नव्हतंस, आणि मी या खोलीत काम करत असून सांगितलं नाही. आपला राजा सदतिसाव्या दिवशी गेला. सहा आठवडे भरायला पाच दिवस होते. हे तुला मी सांगावं असं नाही, पण लिहायला बसले की हात तिथेच जातो.

एवढ्याशा जिवाला एकाच दिवशी इतक्या सुया कशाला, हे सगळ्याच आया विचारतात. परवा एक आजी नातीला घेऊन आली होती. सिस्टरांशी भांडायला लागली. “आमच्या वेळी कुठे होत्या हो या सुया? आम्ही जगलोच ना?” सिस्टर म्हणाल्या, “आजी, जी जगली तीच विचारायला येतात. न जगलेली येत नाहीत.” आजीने नातीचं झबलं सारखं केलं. मग हळूच म्हणाली, “आम्ही सात भावंडं. दोघं राहिलो.” नातीला मग तिने स्वतः मांडीवर घट्ट धरलं. तर खारू, बाळ दिवसभरात तोंडात मूठ घालतं, चादर चोखतं, त्यातून जितके जंतू आत जातात त्यापुढे सुईतलं काहीच नाही. एका वेळी दोन-तीन दिल्या तरी त्याला पेलतात. रडतं जास्त, एवढंच. रडू दे.

साधी सर्दी असली, नाक गळत असलं तरी सुई पुढे ढकलायची नाही. अंगात चांगला ताप असेल तर चार दिवस थांबायचं आणि ताप उतरला की जायचं. पुष्कळ बायका सर्दीचं निमित्त करतात, मग पाहुणे येतात, मग राहून जातं. माझ्या बाकावर ‘राहून गेलं’ हे सगळ्यात जास्त ऐकू येतं.

तुझ्या नवऱ्याने आणि सासूबाईंनी घ्यायची का? हो. दोघांनीही, आणि बाळ यायच्या निदान पंधरा दिवस आधी. लहानपणी घेतली ती जन्माला पुरते असं सासूबाई म्हणतात, ते खरं नाही. तुझ्या बाबांच्या कामावरून सांगते. नवी गादी भरली की टम्म असते. वापरता वापरता कापूस बसतो. आठ-दहा वर्षांनी उसवून, पिंजून पुन्हा भरावी लागते. लस तशीच बसत जाते. मोठ्या माणसाला दर दहा वर्षांनी पुन्हा लागते, आणि तान्हं मूल हाताळणाऱ्याला तर नक्कीच. मोठ्या माणसात हा खोकला साधा दिसतो. ताप नाही, काही नाही. तो कामावर जातो, बाजारात जातो, आणि बाळाला घेतो.

त्रास काय होतो? दंड दुखतो. एखाद-दोन दिवस कणकण, अंग मोडून येतं. टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसायचं, कारण लाखात एखाद्याला अंगावर पुरळ उठून घाबरं होतं आणि तेव्हा डॉक्टर समोर असावा. पंधरा वर्षांत मी असं दोनदा पाहिलं. दोघीही चालत घरी गेल्या.

राहिला तुझा चौथा प्रश्न. तू लिहिलंस, ‘बाबांनी सुई घेतली नव्हती, त्यांच्यामुळे जे झालं ते झालं. पण तू घेतली होतीस, आणि तूही खोकत होतीस. मग सुईचा उपयोग काय?’

घेतलेल्या माणसालाही कधी कधी होतो. कुठलीच लस शंभरातल्या शंभरांना राखत नाही. पुस्तकात तसं स्पष्ट आहे.

आमच्या खोलीला आता पोपटी रंग देणार आहेत. मुलं पांढऱ्याला घाबरतात म्हणे. मला वाटतं मुलं सुईला घाबरतात, पण मला कोण विचारतो. घरमालकाने नळ बदलून दिला. बाबांची शिलाईची मोठी सुई आणि दोऱ्याची रिळं अजून खिडकीतच आहेत, हलवली नाहीत.

तब्येतीला जप. डाव्या कुशीवर झोपत जा. सुई घेतलीस की एक ओळ लिही.

तुझी,
आई

*

मंगळवार, २० फेब्रुवारी

चिरंजीव खारू,

आशीर्वाद. तुझी चिठ्ठी काल आली. ‘चौथ्याचं उत्तर तू नीट दिलं नाहीस. म्हणजे उपयोग नाहीच. तू घेऊनही झालं, मग मला आणि बाळाला उगाच टोचून घ्यायचं नाही. मी घेत नाही.’

तेहतिसावा आठवडा.

चिठ्ठी वाचून मी बाजारात गेले, तांदूळ आणले, निवडले. दोन कोरे कागद लिहून फाडले. हा तिसरा. यात आधी घरातल्या बातम्या लिहायच्या असं ठरवलं होतं, पण बातमी नाही. रंगसुद्धा अजून लागला नाही.

खारू, मी सुई घेतली नव्हती.

आता सगळं लिहिते. मधे थांबले तर पुढे लिहिणार नाही.

तुझा राजा व्हायच्या आदल्या वर्षी आम्हा दवाखान्यातल्या माणसांना ही सुई द्यायचं ठरलं. आमच्याकडे एक रीत आहे, आधी सही आणि मग सुई. टोचल्यावर हात दुखतो, मग बायका सही करायला कुरकुरतात आणि रांग अडते. म्हणून सकाळी नऊलाच तक्ता सगळ्यांत फिरतो, सगळे सह्या करून टाकतात आणि मग कामातून सवड होईल तसं एकेकाला आत बोलावतात. सहीला माझा नंबर नेहमी पहिला. बाकीच्या दोघी मावश्या अंगठा उठवतात, मी सही करते. सिस्टरांच्या जुन्या वह्यांवर गिरवून गिरवून मी ती बसवली होती. मला ती फार आवडायची.

अकराला सिस्टरांनी हाक मारली, “मावशी, चला, तुमचा दंड.” त्याच वेळी बाकावर एक पोर किंचाळायला लागलं. मी म्हटलं, “आले, आले, याला गप्प करते,” आणि त्याला उचलून बाहेरच्या बोळात नेलं. ते पोर गप्प झालं. मी फेऱ्या मारतच राहिले. शेवटी त्याची आई आली आणि म्हणाली, “मावशी, तो झोपलाय. द्या आता.”

मला सुईची भीती वाटते. तू हसशील. हजारो पोरांचे हातपाय मी धरले असतील. सहा वर्षांची असताना शाळेत आम्हाला टोचायला आले होते. सबंध वर्गाला एकच सुई, मधे मधे दिव्यावर धरायची. मला चौघांनी दाबून धरलं. मग महिनाभर दंडात पू. ते माझ्या अंगातून गेलं नाही. मी दुसऱ्यांच्या सुया बघू शकते, स्वतःची नाही. तुझ्या वेळीही मी बाळंतपणात सुई म्हटली की कळांपेक्षा जास्त ओरडले होते, तुझे बाबा सांगायचे.

संध्याकाळी तक्त्यावरून सगळ्यांची कार्डं तयार झाली. माझंही झालं, शिक्का मारून. पेटीत दोन-तीन सुया उरल्या त्या दुसऱ्या दिवशी कोणाला तरी दिल्या. कोणाला संशय आला नाही, कारण सहीचा नंबर पहिला. मी उद्या सांगते, उद्या घेते म्हणत राहिले. घरी येऊन मी बाबांना हसत हसत सांगितलं की मी पळाले. ते इतके हसले की ठसका लागला. म्हणाले, “बाहेर वाघीण आणि आत शेळी!” पुढे कित्येक दिवस मला शेळी म्हणत होते.

म्हणजे बाबांना ठाऊक होतं. हे नीट वाच.

आता त्यांच्या खोकल्याचं. तो तुझ्या जन्माच्या आधीचा. कापूस पिंजणाऱ्या सगळ्यांना तो होतो, छातीत तंतू बसतात. सोमवारी कामावर गेले की जास्त, आठवडा सरत येईल तसा कमी, आणि सुट्टीच्या दिवशी जवळपास नाही. तू लहान असताना म्हणायचीस, बाबांचा खोकला शाळेत जातो. तो कोणाला लागत नाही. वीस वर्षं मी त्यांच्या शेजारी झोपले, मला लागला नाही, तुला लागला नाही.

माझा खोकला निराळा होता. तुझ्याकडे यायच्या आठ-दहा दिवस आधी सुरू झाला. त्या महिन्यात तसली दोन मुलं माझ्या बाकावर बसून गेली होती. उबळ आली की थांबायची नाही, शेवटी उलटी व्हायची. मधल्या वेळात मी धडधाकट. ताप नाही. मी मनाशी म्हटलं, थंडी बाधली. आता तूच सांग, या खोलीत बसून रोज आयांना त्या खोकल्याची लक्षणं वाचून दाखवणारी बाई मी. मला कळलं नसेल? कळलं होतं, पण ते कळणं मी पुढे येऊ दिलं नाही. पुढे आलं असतं तर नातवाला बघायला जाता आलं नसतं. आणि सिस्टरांना सांगावं लागलं असतं की कार्ड खोटं आहे.

आम्ही आलो तेव्हा राजा बारा दिवसांचा होता. मी रुमाल तोंडाशी धरून त्याला घेत होते. आठ दिवस मीच न्हाऊ घातलं, मीच झोपवलं. बाबांनी त्याला एकदाही हातात घेतलं नाही, तुला आठवत असेल. कपड्यांना कापूस असतो, बाळाच्या नाकात जाईल म्हणून ते दारातूनच बघायचे. तू रागावलीस, “बाबा, नातू आहे तुमचा, परका नाही.” ते म्हणाले, “मोठा होऊ दे. मग गादीवर उड्या मारायला नेतो.”

तो आजारी पडला तेव्हा त्याला खोकलासुद्धा धड येत नव्हता. नुसता श्वास थांबायचा आणि ओठ निळे पडायचे. पुढचं तुला माहीत आहे, मी लिहीत नाही.

पण दवाखान्याच्या त्या बोळात तू बाकावर होतीस, आणि डॉक्टरांनी विचारलं, “घरात कोण खोकतंय?” माझ्या तोंडावर रुमाल होता. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “मी सुई घेतली आहे. कार्ड आहे माझ्याकडे.” मी असं म्हटलं, खारू. मला कोणी कार्ड मागितलं नव्हतं.

आणि बाबा म्हणाले, “मग माझाच असणार.”

आम्हा सगळ्यांना गोळ्या दिल्या. कोणाचा खोकला कोणता हे तपासत बसायला तेव्हा कोणाला सवड नव्हती. म्हणून मी शपथेवर सांगू शकत नाही की माझ्यापासूनच लागला. सुई घेतली असती तर तो नक्की वाचला असता, असंही म्हणू शकत नाही. घेतलेल्यालाही होतो हे मागे लिहिलं ते खोटं नव्हतं. खरं वाक्य घेऊन मी त्याच्या आड बसले. पण तू ज्यावरून सुई नाकारते आहेस ते खरं नाही. ती सुई माझ्या दंडात फुकट गेली असं समजू नकोस. ती माझ्या दंडापर्यंत आलीच नाही.

तू तेराव्या दिवशी बाबांना म्हणालीस, “तुम्ही माझ्या लेकाला खोकून मारलंत.” मी तिथेच भिंतीला टेकून उभी होते. ते “हो” म्हणाले. घरी आल्यावर मी त्यांना म्हटलं, “मी सांगते तिला.” ते दोरा ओवत होते. मान वर न करता म्हणाले, “नको. तिला एक जण तरी राहू दे.” पुढे दोन वर्षांत मी तीन-चारदा विषय काढला. ते दर वेळी हेच म्हणाले, आणि दर वेळी मला बरं वाटलं. हेही लिहिते, कारण आता लपवून काय करू. बरं वाटायचं.

राजासाठी त्यांनी केलेली गादी एक दिवस उसवून त्यांनी कापूस ढिगात मिसळून टाकला. मी विचारलं नाही. शेवटच्या आजारात तू आली नाहीस. त्यांनी तुझं नाव काढलं नाही, पण तुझी जुनी पत्रं मला वाचायला लावायचे. शाळेच्या सहलीवरून लिहिलेलंसुद्धा. मी वाचायची.

त्यांचा शब्द मी आज मोडते आहे. तुला एक जण राहावा म्हणून ते गप्प बसले, आणि त्या गप्प बसण्यावरून आता तू या बाळाची सुई नको म्हणतेस. ते असते तर त्यांनीच मला हे लिहायला बसवलं असतं.

माझ्या शब्दाला आता किंमत नाही हे मला कळतं. म्हणून माझ्या सांगण्यावरून घेऊच नकोस. तुझ्या डॉक्टरांना विचार. दुसऱ्या डॉक्टरांना विचार. सासूबाईंना विचारू नकोस. पण या आठवड्यात विचार.

मला माफ कर असं लिहिणार नाही. ती माझी मागायची गोष्ट नाही.

तुझी,
आई

*

बुधवार, १४ मार्च

चिरंजीव खारू,

आशीर्वाद लिहू का नको, याचा विचार केला. लिहिते. आशीर्वादाला कोणाची परवानगी लागत नाही.

पाकीट सोमवारी आलं. वर जावईबापूंचं अक्षर. त्यांनी लिहिलंय की तू माझं पत्र तीनदा वाचलंस आणि एक तारखेला त्यांना घेऊन दवाखान्यात गेलीस. दोघांनीही घेतली. खाली तुझ्या हातच्या चार ओळी: ‘सुई घेतली. बाबांसाठी घेतली. तुम्ही येऊ नका. बाळ झाल्याचं कळवणार नाही.’

एक तारीख म्हणजे चौतिसावा आठवडा. वेळेत झालं.

बाबांना तू ‘अहो’ म्हणायचीस आणि मला ‘ए’. आता मलाही अहो. ठीक आहे.

तू लिहू नका म्हटलं नाहीस, पण ते न लिहिताही कळलं. हे शेवटचं. दोन गोष्टी सांगायच्या राहिल्यात, त्या सांगून थांबते.

पत्र टाकलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी सिस्टरांना सांगितलं. त्या लस भरत होत्या. हातातली सुई खाली ठेवून म्हणाल्या, “अगं बाई, चार-पाच वर्षांनी हे काय काढलंस? कोणाला आठवतंय आता?” मी म्हटलं, “मला.” त्या म्हणाल्या, “गप बस. मी ऐकलंच नाही.” मग मी डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी जुना तक्ता काढायला लावला आणि एकेकीला बोलावून विचारलं. आणखी दोघी निघाल्या. एक स्वयंपाकघरातली, एक केसपेपर लिहिणारी. एका कागदावर तीन खोट्या सह्या. केसपेपरवाली बाहेर येऊन मला म्हणाली, “मावशी, तुझं पाप तुला जड झालं तर आमच्या ताटात कशाला वाढलंस?” तिचंही खरं आहे. तिला लहान मुलगी आहे.

त्या दोघींना सुई देऊन समज दिली. मला उद्यापासून येऊ नका म्हणाल्या. आवाज चढवला नाही. म्हणाल्या, “मावशी, आया तुमचं ऐकून पोरं आमच्या हातात द्यायच्या.” मी हो म्हटलं. अर्धा तास बसायचं ते बाक आता दुसरी पुसते. रंग लागला. पोपटी चांगला दिसतो, मुलं तरीही रडतातच.

निघायच्या आधी मी सुई घेतली. सिस्टरांनीच दिली. मी डोळे मिटून घेतले होते. त्या म्हणाल्या, “झालं.” मी म्हटलं, “कधी?” मुंगी चावल्यासारखं लागतं असं पंधरा वर्षं मी पोरांना सांगत आले. तसं लागत नाही, खारू. त्याहून कमी लागतं.

त्यानंतर मी बाकावर अर्धा तास बसले. कोणी बसवलं नव्हतं, नियम आहे म्हणून बसले. दुसऱ्या दिवशी दंड दुखला. तो दुखणं थांबू नये असं वाटत होतं, पण दोन दिवसांत थांबलं.

दुसरी गोष्ट. बाळ कोणत्या दिवशी येईल हे मला कळणार नाही, त्यामुळे सहा आठवडे मला मोजता येणार नाहीत. तू मोज. पूर्ण होतील त्या दिवशी सकाळीच जा. नाक गळत असलं तरी जा. घरी कोणी आलेलं असलं तर त्यांना बसवून जा. आणि तोपर्यंत जो खोकेल त्याला दारातून परत पाठव, मग तो कोणीही असो. वाईट दिसेल. दिसू दे.

तिथे बाळाचे पाय धरायला कोणी मावशी असेल. तिच्या हातात देण्याआधी विचार, तिने स्वतः घेतली आहे का. कार्ड दाखवायला लागली तर बघू नकोस. कोणता दंड दुखला, किती दिवस दुखला, ते विचार. घेतलेल्या बाईला ते लगेच सांगता येतं.

तुझ्या बाबांचा फोटो वेगळ्या पाकिटातून पाठवला आहे. माझ्याकडे तो एकच होता. भिंतीवर लावलास तर त्यांच्या शेजारी माझा लावू नकोस. मी त्यांच्याजवळ वीस-बावीस वर्षं राहिले, आणि त्यांच्या नावावर चार वर्षं.

उत्तराची वाट बघणार नाही.

तुझ्या बाबांची बायको